दवाखाना चालू ठेवून जीनोम शिकणे

छत्रपती संभाजीनगरात दवाखाना चालवणारा डॉक्टर, लॅबमध्ये काम करणारा जीवशास्त्राचा पदवीधर किंवा रुग्णालयातील परिचारिका यांना हातातले काम न सोडता जीनोमिक मेडिसिनचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते का? हा प्रश्न अलीकडे वरचेवर विचारला जातो. जनुकीय तपासणीचे अहवाल आता मराठवाड्यातल्या घरांतही येऊ लागले आहेत. जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतलेले रक्त हैदराबाद, बंगळूर किंवा मुंबईला जाते आणि काही आठवड्यांनी अनेक पानांचा अहवाल परत येतो. तो वाचून, रुग्णासमोर बसून त्याचा अर्थ सांगणारे माणूस मात्र सहज सापडत नाही. रक्ताची तपासणी दूरच्या शहरात होऊ शकते, पण कुटुंबाशी बोलायचे ते समोर बसूनच. म्हणून या विषयाचे शिक्षण आधीच रुग्णांमध्ये काम करत असलेल्या माणसांपर्यंत पोहोचणे फार महत्त्वाचे आहे.

१. हे कोणते वैद्यक?

माणसाच्या पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईकडून येते, एक वडिलांकडून. गुणसूत्र डीएनएचे बनलेले असते आणि डीएनए चार रासायनिक घटकांचा. हे घटक ए, सी, जी आणि टी या अक्षरांनी लिहितात. २३ गुणसूत्रांच्या एका संचात अशी सुमारे तीन अब्ज अक्षरे असतात. त्या सगळ्या मजकुराला जीनोम म्हणतात. प्रथिन कसे बनवायचे याची सूचना ज्या तुकड्यात असते ते जनुक. माणसात अशी वीस हजारांच्या आसपास जनुके आहेत, पण प्रथिनांचा प्रत्यक्ष मजकूर पूर्ण जीनोमच्या जेमतेम दीड-दोन टक्के भरतो.

मानवी जीनोम वाचण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला आणि २००३ मध्ये संपल्याचे जाहीर झाले. तेव्हा राहिलेल्या जागा भरून सलग वाचन प्रसिद्ध व्हायला २०२२ उजाडले. त्या पहिल्या वाचनाला तेरा वर्षे लागली होती. आता एका माणसाचा जीनोम काही दिवसांत वाचून होतो, आणि म्हणूनच हा विषय संशोधन संस्थेतून दवाखान्याच्या दारात आला.

एका अक्षराने काय होते, हे सिकलसेलच्या आजारात स्पष्ट दिसते. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार पिढ्यानपिढ्या आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीचे जनुक एचबीबी नावाने ओळखले जाते. त्यात सहाव्या जागी जीएजी अशी तीन अक्षरे हवी असतात. तिथे जीटीजी आले की प्रथिनात ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसते. ऑक्सिजन कमी झाला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. वडिलांकडून आणि आईकडून अशी बदललेली प्रत आली तरच आजार होतो. एकच प्रत आली तर माणूस वाहक असतो आणि सहसा धडधाकट जगतो.

जुन्या आनुवंशशास्त्रात अशा एकेका जनुकाचा शोध घेतला जाई. जीनोमिक मेडिसिनमध्ये सगळा मजकूर किंवा त्यातला मोठा भाग एकदम वाचतात आणि त्यावरून निदान, उपचार आणि सल्ला ठरवतात. मुलांचे दुर्मीळ आजार, कर्करोग, औषधांची मात्रा आणि साथीचे रोग ही त्याची मुख्य कार्यक्षेत्रे.

महाराष्ट्रात या विचाराची मुळे जुनी आहेत. टाटा मेमोरियलमधील विकृतिशास्त्रज्ञ वि. रा. खानोलकर आणि ल. द. संघवी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतल्या, आपापल्यातच लग्ने करणाऱ्या समाजगटांच्या आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास केला होता. १९५२ मध्ये य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्ये एका नव्या रक्तगट-लक्षणाची नोंद केली. आज तो जगभर बाँबे रक्तगट म्हणून ओळखला जातो. डीएनएच्या रचनेचा शोध लागायला तेव्हा अजून एक वर्ष होते.

२. काम करणाऱ्यांसाठीच बेतलेला अभ्यासक्रम

ब्रिटनने डिसेंबर २०१२ मध्ये एक लाख जीनोम वाचण्याचा प्रकल्प जाहीर केला. दुर्मीळ आजाराचे रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि कर्करोगाचे रुग्ण त्यात घेतले गेले, आणि २०१८ च्या अखेरीस एक लाखाचा आकडा गाठला. प्रकल्प चालू असतानाच एक अडचण लक्षात आली. यंत्रे विकत घेता येतात, पण अहवाल समजणारे डॉक्टर, परिचारिका, दाई आणि तंत्रज्ञ कुठून आणायचे? नवे विद्यार्थी तयार होण्याची वाट पाहिली असती तर दहा वर्षे गेली असती.

म्हणून तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने कामावर असलेल्या माणसांनाच शिकवायचे ठरवले. इंपीरियल कॉलेज, केंब्रिज, मँचेस्टर, शेफिल्ड, बर्मिंगहॅम अशा विद्यापीठांत जीनोमिक मेडिसिनचे पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाले आणि आरोग्यसेवेतील कर्मचाऱ्यांचे शुल्क सरकारी प्रशिक्षण निधीतून भरले गेले. अभ्यासक्रम तुकड्यांत विभागला होता, आणि ज्याला जेवढे झेपेल तेवढे त्याने घ्यावे अशी सोय होती. ६० श्रेयांकांवर पदव्युत्तर प्रमाणपत्र, १२० वर पदविका आणि १८० वर एमएस्सी. थांबावे लागले तरी तोवरचे शिक्षण वाया जात नाही. संसार आणि रुग्ण दोन्ही सांभाळणाऱ्यासाठी या रचनेतला हा सर्वांत मोलाचा भाग आहे.

नोकरी सांभाळून शिकण्याची कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरदारांना येता यावे म्हणून वर्ग सकाळी भरवले जात. त्याच संस्थेने १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आले. जीनोमिक मेडिसिनपुरते बोलायचे तर काम करत शिकण्याला आणखी एक कारण आहे. या विषयातला प्रत्येक धडा एखाद्या कुटुंबावर घासून पाहावा लागतो, आणि कुटुंबे भेटतात ती ओपीडीत.

३. काय शिकवतात?

बहुतेक अभ्यासक्रमांचा क्रम सारखाच असतो. आधी आनुवंशशास्त्राची मुळाक्षरे, मग वाचनाची तंत्रे, मग आजार, आणि शेवटी संशोधन प्रकल्प.

तंत्रांच्या भागात विद्यार्थी यंत्र चालवायला शिकेलच असे नाही. कोणत्या रुग्णाला कोणती तपासणी मागवायची हे मात्र त्याला पक्के कळायला हवे. थॅलेसेमियाचा संशय असेल तर एचपीएलसी ही साधी रक्ततपासणी आधी. डाउन सिंड्रोमचा संशय असेल तर गुणसूत्रांची तपासणी. मूल चालायला उशिरा शिकले, फिट्स येतात, कारण कळत नाही, असे असेल तर प्रथिनांचा मजकूर असलेला भाग वाचायचा. त्याला एक्झोम म्हणतात. चुकीची तपासणी मागवली तर पालकांचे हजारो रुपये जातात आणि अहवालात काही सापडले नाही असे लिहून येते. पालक ते वाचून बाळाला काही झालेलेच नाही असे समजतात. हा गैरसमज अतिशय घातक आहे.

कर्करोगाच्या भागात दोन गोष्टी वेगळ्या करायला शिकवतात. गाठीत नंतर झालेले बदल त्या गाठीपुरते असतात आणि त्यांवरून औषध निवडतात. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत ईजीएफआर जनुकातला बदल सापडला तर त्यावर नेमके लागू पडणारे औषध गोळीच्या रूपात देता येते. जन्मापासून असलेले बदल मात्र कुटुंबाचे असतात. बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ मध्ये असा बदल असलेल्या बाईला स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका खूप जास्त असतो, आणि तिच्या प्रत्येक बहिणीला, मुलीला आणि भावालाही तो बदल मिळालेला असण्याची शक्यता निम्मी असते. एका रुग्णाच्या अहवालातून पाच-सहा माणसांसाठी काम निघते.

औषधांच्या भागातले एक उदाहरण मराठवाड्याच्या जवळचे आहे. शस्त्रक्रियेआधी श्वासनलिकेत नळी घालताना सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारे औषध देतात. त्याचा परिणाम पाच-दहा मिनिटांत ओसरतो, कारण रक्तातले एक विकर त्याचे तुकडे करते. काही माणसांत हे विकर जन्मतःच काम करत नाही. त्यांना तेच औषध दिले तर श्वास तासन्‌तास परत येत नाही, कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागते. दक्षिण भारतातील आर्य वैश्य समाजात हा बदल इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो, आणि हा समाज नांदेड, परभणी, जालन्यात पिढ्यांपासून आहे. भूलतज्ज्ञाने शस्त्रक्रियेआधी विचारलेला एक प्रश्न इथे जीव वाचवतो: घरात कुणाला भुलीनंतर शुद्धीवर यायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला होता का?

साथीच्या रोगांचा भाग कोरोनाने सगळ्यांना ओळखीचा केला. विषाणूचा जीनोम माणसाच्या मानाने चिमुकला, सुमारे तीस हजार अक्षरांचा. भारतात डिसेंबर २०२० मध्ये इन्साकॉग हे प्रयोगशाळांचे जाळे उभे राहिले, आणि महाराष्ट्रातील नमुन्यांत वाढत चाललेले बी.१.६१७ हे रूप ओळखले गेले. त्याच्याच एका शाखेला मे २०२१ मध्ये डेल्टा हे नाव मिळाले.

४. अहवालातला अवघड शब्द

कुठल्याही माणसाचा जीनोम प्रमाण जीनोमशी ताडून पाहिला तर चाळीस ते पन्नास लाख ठिकाणी फरक सापडतात. बहुतेक फरक निरुपद्रवी असतात. आजाराला जबाबदार एक किंवा दोन फरक त्यांतून शोधून काढणे हेच या विद्येतले सर्वांत कठीण काम आहे, आणि अभ्यासक्रमात सर्वाधिक घाम तिथेच गाळावा लागतो.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय आनुवंशशास्त्राच्या संस्थेने केलेली पाच पायऱ्यांची विभागणी आज जगभर वापरतात: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. घोळ होतो तो मधल्या पायरीवर. शेतजमिनीचा व्यवहार झाला की तलाठी फेरफार नोंदवतो, पण मंडळ अधिकाऱ्याने ती नोंद प्रमाणित करेपर्यंत शहाणा माणूस तिच्या भरवशावर पैसे मोजत नाही. अर्थ अनिश्चित असलेला फरक हा तसाच, नोंदलेला पण प्रमाणित न झालेला. त्यावरून शस्त्रक्रिया ठरवू नये, गर्भपात तर मुळीच ठरवू नये.

प्रमाणित कसे करायचे, यासाठी पुराव्यांचे अनेक धागे जुळवतात. हा फरक निरोगी लोकांत किती सापडतो? आई-वडिलांची तपासणी केली तर तो कुणाकडून आला? कुटुंबातल्या आजारी माणसांत आहे आणि निरोगी माणसांत नाही, असे दिसते का? प्रयोगशाळेत त्या प्रथिनाचे काम बिघडल्याचे दाखवता आले आहे का?

पहिल्या प्रश्नापाशी भारतीय रुग्णाची गैरसोय होते. जगातल्या मोठ्या जनुकीय माहितीसाठ्यांत युरोपीय वंशाच्या लोकांची माहिती अनेक पटींनी जास्त आहे. मराठवाड्यातल्या एखाद्या समाजात सर्रास आढळणारा, निरुपद्रवी फरक तिथे दुर्मीळ दिसतो आणि संशयित ठरतो. उलटेही घडते. हृदयाच्या स्नायूंच्या एमवायबीपीसी-३ जनुकातला २५ अक्षरे गळालेला एक बदल दक्षिण आशियातील सुमारे चार टक्के लोकांत आहे आणि त्याचा हृदयाच्या आजाराशी संबंध असल्याचे संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले. तो युरोपात जवळपास नाहीच. ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये जीनोम इंडिया प्रकल्प हाती घेतला. वीस संस्थांनी मिळून दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रातून संशोधकांना खुली झाली.

५. तीन पिढ्यांचा तक्ता आणि मामाची मुलगी

महागड्या यंत्राइतकेच उपयोगी असे या विद्येतले साधन म्हणजे कागद आणि पेन्सिल. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, आजारी असेल तर आतून भरलेले, आणि नात्यातले लग्न असेल तर दोघांमध्ये दुहेरी रेघ. तीन पिढ्यांचा असा तक्ता काढायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. महाराष्ट्रात ही दुहेरी रेघ वारंवार काढावी लागते. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधांवरील ग्रंथात दाखवले की महाराष्ट्र हा उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या विवाहपद्धतींमधला प्रदेश आहे आणि इथे मामाच्या मुलीशी लग्न अनेक समाजांत पसंत केले जाते.

अशा लग्नात धोका किती, याचे उत्तर घाबरवून किंवा हसण्यावारी नेऊन देता येत नाही. ते मोजून देता येते. एका तरुणाकडे एखाद्या दुर्मीळ आजाराची एक बदललेली प्रत आहे, म्हणजे तो वाहक आहे. ती प्रत त्याला आईकडून आली असण्याची शक्यता १/२. आईकडे ती आजी किंवा आजोबांकडून आली. त्याच आजी-आजोबांकडून ती मामालाही मिळाली असण्याची शक्यता १/२. मामाकडून त्याच्या मुलीला, पुन्हा १/२. तिन्हींचा गुणाकार १/८. म्हणजे मामाची मुलगी त्याच बदलाची वाहक असण्याची शक्यता आठात एक. दोघे वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता १/४. म्हणून एकूण धोका १/८ गुणिले १/४, म्हणजे बत्तीसात एक.

आता हाच तरुण नात्याबाहेरच्या मुलीशी लग्न करतो असे धरू, आणि तिच्या समाजात शंभरात एक वाहक आहे असे धरू. धोका १/१०० गुणिले १/४, म्हणजे चारशेत एक. नात्यातल्या लग्नात तो साडेबारा पट झाला, हे खरे. तरीही बत्तीसांपैकी एकतीस वेळा मूल या आजारापासून मुक्त असेल, हेही तितकेच खरे. त्यापुढचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. मामाच्या मुलीची तपासणी केली आणि ती वाहक नाही असे निघाले, तर हा धोका जवळजवळ नाहीसा होतो. वाहक निघाली, तर तो चारात एक होतो आणि जोडप्याला आधीच विचार करता येतो. तपासणी कधी आणि कुणाची करायची हे कळणे यालाच समुपदेशन म्हणतात.

अशा बैठकीत एक प्रश्न कायम पुढे येतो: दोष कुणाकडून आला? पुष्कळ घरांत तो सुनेवर लादला जातो. दोन प्रती लागणाऱ्या आजारात एक प्रत आईची आणि एक वडिलांची असते, हे त्या घरात सर्वांसमोर, तक्ता दाखवून सांगणे ही उपचाराइतकीच मोठी सेवा आहे. चांगल्या अभ्यासक्रमात संभाषणाचा सराव करून घेतात तो यासाठी.

६. कायद्याचा धडा

परदेशी अभ्यासक्रमात जो धडा नसतो तो इथल्या विद्यार्थ्याला वेगळा शिकावा लागतो. गर्भाच्या तपासण्यांवर नियंत्रण आणणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. तोच आज पीसीपीएनडीटी म्हणून ओळखला जातो. जनुकीय समुपदेशन केंद्र, जनुकीय प्रयोगशाळा आणि जनुकीय दवाखाना या तिन्हींची नोंदणी त्यात बंधनकारक आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. ज्या विभागात ही वेळ आली तिथे या कायद्याकडे कागदी सोपस्कार म्हणून पाहणे परवडणारे नाही. आईच्या रक्तातून गर्भाच्या डीएनएची तपासणी करताना प्रयोगशाळेला लिंग कळते, पण अहवालात ते छापले जात नाही.

कायद्यात गर्भतपासणीची कारणेही ठरलेली आहेत: आईचे वय ३५ पेक्षा जास्त, आपोआप झालेले दोन किंवा अधिक गर्भपात, घातक औषध किंवा किरणांचा संपर्क, कुटुंबात जनुकीय आजार. वैद्यकीय आनुवंशतज्ज्ञ कोणाला म्हणायचे याची व्याख्याही त्यात आहे. संबंधित क्षेत्रातली आनुवंशशास्त्राची पदवी किंवा पदविका, किंवा मान्य वैद्यकीय पदवी वा जीवशास्त्रातील पदव्युत्तर पदवीनंतर त्या क्षेत्रातला किमान दोन वर्षांचा अनुभव. नोंदणी करताना या व्याख्येकडे बारकाईने पाहिले जाते. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि गर्भात गंभीर विकृती असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले तर आठवड्यांची कमाल मर्यादा लागू होत नाही.

७. वेळेचा हिशेब

ब्रिटिश पद्धतीत एका श्रेयांकाला दहा तासांचा अभ्यास धरतात. एमएस्सीचे १८० श्रेयांक म्हणजे १,८०० तास. दोन वर्षांत १०४ आठवडे, म्हणून आठवड्याला सतरा तासांहून थोडे जास्त. तीन वर्षांवर पसरले तर साडेअकरा तास. भारतातील नव्या श्रेयांक आराखड्यात एका श्रेयांकाला तीस तास आणि वर्षाला चाळीस श्रेयांक, म्हणजे १,२०० तास धरले आहेत.

साडेअकरा तास कागदावर थोडे वाटतात. सोमवार ते शनिवार रोज सकाळी एक तास आणि रविवारी साडेपाच तास, असा तो हिशेब. हिवाळ्यात लंडनची वेळ भारताच्या साडेपाच तास मागे असते. तिथे दुपारी दोनला सुरू होणारा वर्ग इथे संध्याकाळी साडेसातला येतो. संभाजीनगरातल्या खासगी ओपीडीची तीच गर्दीची वेळ. ध्वनिमुद्रित व्याख्याने नंतर पाहता येतात. चर्चेला आणि रुग्णकथांच्या सादरीकरणाला मात्र हजर राहावे लागते. वर्गाच्या वेळा प्रवेशाआधी विचारून घेतल्या नाहीत तर पहिल्याच सत्रात गाडी अडते.

८. भारतात कोणती दारे उघडी आहेत?

वैद्यकीय शाखेतला सरळ रस्ता म्हणजे मेडिकल जेनेटिक्समधील डीएम. मेडिसिन, बालरोग किंवा स्त्रीरोग यांसारख्या विषयात एमडी-एमएस केल्यानंतर ही तीन वर्षांची पदवी घेता येते. लखनौची संजय गांधी पदव्युत्तर संस्था, दिल्लीचे एम्स आणि वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज ही तिची नावाजलेली केंद्रे. लखनौच्या विभागाचे नेतृत्व डॉ. शुभा फडके यांनी अनेक वर्षे केले आणि देशात या विषयाचे डॉक्टर घडवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. मात्र एमडी असो वा डीएम, वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षण भारतात पूर्णवेळ निवासी डॉक्टर म्हणूनच करावे लागते. अर्धवेळ डीएम देतो असे कुणी सांगितले तर तिथे जाऊ नये.

अर्धवेळचे अधिकृत दार पीएचडीचे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार नोकरीच्या ठिकाणचे ना-हरकत प्रमाणपत्र देऊन अर्धवेळ पीएचडी करता येते. किमान तीन वर्षे, कमाल सहा, आणि सुरुवातीला किमान बारा श्रेयांकांचा अभ्यासक्रम. एप्रिल २०२२ पासून आयोगाने एकाच वेळी दोन पदव्यांचे शिक्षण घेण्यासही परवानगी दिली, पण पीएचडी त्यात धरलेली नाही, आणि वैद्यकीय आयोगाचे नियम वेगळे आहेत.

सुरुवात चाचपून पाहायची असेल तर एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणमंचावरील आयआयटी कानपूरचा मानवी रेणवीय आनुवंशशास्त्राचा अभ्यासक्रम घरबसल्या घेता येतो. तो पुरा करताना आवड टिकते की नाही हे कळते, आणि पैसे जवळपास लागत नाहीत. मोठे शुल्क भरण्याआधी हे करणे केव्हाही शहाणपणाचे.

परदेशी विद्यापीठाची पूर्णपणे ऑनलाइन एमएस्सी हा तिसरा मार्ग. तिथल्या आरोग्यसेवेचा निधी तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी असतो. परदेशी विद्यार्थ्याला लाखांतले शुल्क स्वतः भरावे लागते. या पदवीने ज्ञान नक्की मिळते, डॉक्टर म्हणून नोंदणी मिळत नाही. ज्याच्याकडे एमबीबीएस नाही त्याला या एमएस्सीनंतर औषध लिहून देता येत नाही, आणि एमबीबीएस असलेल्याला केवळ तिच्या आधारे स्वतःला डीएमच्या बरोबरीचा तज्ज्ञ म्हणवता येत नाही. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे यूजीसीचे नवे नियम २०२५ मध्ये आले, पण वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण असे स्वतंत्र परिषदांच्या अखत्यारीतील विषय त्यांतून वगळले आहेत. प्राध्यापकपदासाठी पदवी हवी असेल तर समकक्षतेचा प्रश्न प्रवेशाआधी लेखी विचारून घ्यावा.

९. प्रकल्प इथेच करायचा तर

एमएस्सीचा शेवटचा टप्पा संशोधन प्रकल्पाचा असतो, आणि संभाजीनगरात विषयांची वाण नाही. १९५० च्या दशकापासून चाललेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली घाटी, अनेक जिल्ह्यांतून आलेले रुग्ण पाहते. तिच्याशी जोडलेल्या शासकीय कर्करोग रुग्णालयाला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे. उदाहरणार्थ, थॅलेसेमियाच्या मुलांच्या कुटुंबांत वाहकांची तपासणी किती जणांनी केली आणि बाकीच्यांनी का केली नाही? तरुण वयात स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांच्या तक्त्यांत किती घरांत दुसरी रुग्ण सापडते? अनिश्चित अहवाल मिळालेल्या पालकांना त्याचा काय अर्थ समजला? यांतल्या कुठल्याही प्रश्नाला महागडे यंत्र लागत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पॉल हेबर्ट यांच्या नावाचे डीएनए बारकोडिंगचे केंद्र आहे. हेबर्ट यांनी २००३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्राण्याच्या एकाच जनुकातला सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचून त्याची प्रजाती ओळखतात. हे काम वैद्यकाचे नव्हे. पण डीएनए वेगळा काढणे, तुकड्याच्या प्रती वाढवणे, वाचन करणे आणि माहितीसाठ्याशी ताडून पाहणे, या पायऱ्या त्याच आहेत, आणि हात बसण्यासाठी जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याला अशी जागा जवळ असणे हे मोठे भाग्य आहे.

परदेशी विद्यापीठाच्या पदवीसाठी इथल्या रुग्णांवर प्रकल्प करताना दोन परवानग्या विसरू नयेत. नोंदणीकृत नीतिमत्ता समितीची मान्यता पहिला नमुना घेण्याआधी हवी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे त्यासाठी पायाभूत मानतात. आणि परदेशी संस्थेबरोबरच्या सहकार्यात नमुने किंवा माहिती देशाबाहेर जाणार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे जावे लागते. या मंजुरीला महिने लागू शकतात. त्यामुळे प्रकल्पाचा विषय शेवटच्या वर्षी ठरवून चालत नाही. पहिल्या वर्षाच्या अखेरीस, स्थानिक मार्गदर्शकाच्या नावासकट, तो कागदावर आलेला असावा लागतो.